शिंगणापूरला दारं नाहीत, तुमच्या इनबॉक्सला का नाहीत?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. कोणाशी, ते पुढे कळेलच.

आमच्या नगर जिल्ह्यातलं (कागदावर २०२४ पासून अहिल्यानगर, एसटीत आणि तोंडात अजून नगरच) सगळ्यात प्रसिद्ध गाव कोणतं? शिर्डी सोडून सांगा. बरोबर, शनि शिंगणापूर. नेवासा तालुका, घोडेगावपासून आत वळायचं, दोन्ही बाजूंनी रसवंत्या. घरांना दारं नाहीत, कड्या नाहीत, कुलपं नाहीत. चोरी केली तर शनिदेव बघून घेतो, ही श्रद्धा. पुण्या-मुंबईचे पाहुणे हे ऐकून एकदा तरी "वॉव" म्हणतातच.

आता या गोष्टीचा पाहुण्यांना कोणी न सांगणारा भाग ऐका. २०११ मध्ये तिथे युको बँकेने शाखा काढली. देशातली पहिली बिनकुलपाची बँक म्हणून बातम्या झाल्या. बँकेने गावाचा मान राखला, काचेचं दार लावलं, कडी-कोयंडा काही नाही. पण त्या काचेच्या दाराला रिमोटने चालणारं, सहज डोळ्यांत न येणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप होतं! बँक ती, देवावर भरवसा असला तरी कॅश मोजून ठेवणारच. पुढे २०१५ मध्ये गावाला पोलीस ठाणंही मिळालं. आणि जुलै २०२५ मध्ये विधानसभेत चर्चा कशावर, तर देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून, ऑनलाइन पूजेच्या नावाखाली भाविकांचे पैसे लाटले गेल्याच्या आरोपांवर. प्रकरण सायबर पोलिसांपर्यंत गेलं. खरंखोटं तपासात ठरेल. पण गंमत बघा, ज्या गावाच्या दाराला कुलूप नाही, त्या गावात गाजलेला चोरीचा आरोप आला तो मोबाईलमधून. दाराचा संबंधच नाही.

तर आजचा विषय: पासवर्ड मॅनेजर. कॉम्प्युटरवर आणि फोनवर, दोन्हीकडे चालेल असा कुठला घ्यायचा. आणि भांडण कोणाशी? "माझ्याकडे काय आहे चोरायला" म्हणणाऱ्यांशी, "क्रोम लक्षात ठेवतो की" म्हणणाऱ्यांशी, आणि सहा महिने तुलनेचे तक्ते वाचून शेवटी काहीच न घेणाऱ्यांशी. थोडक्यात, आमच्या अख्ख्या ऑफिसशी :-)

"माझ्याकडे काय आहे चोरायला?"

हा शिंगणापुरी युक्तिवाद. फरक एवढाच की शिंगणापूरकरांकडे निदान शनिदेव आहे. तुमच्याकडे कोण आहे? गणेश ॲट १२३?

हसू नका. आपल्याकडच्या पासवर्डांचं व्याकरण ठरलेलं आहे. पहिलं अक्षर मोठं, मग स्वतःचं नाहीतर पोराचं नाव, मग ॲटचं चिन्ह, मग १२३ किंवा जन्मसाल. साइटने "जास्त अवघड द्या" म्हटलं की शेवटी एक उद्गारचिन्ह. आपल्याला वाटतं आपण काय डोकं लावलं! चोरट्यांकडे हे व्याकरण कधीचं पाठ आहे, कारण आपणच त्यांना शिकवलं. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर आले, तेही उघडेवाघडे, काहीही एन्क्रिप्शन नसलेले. त्यात सगळ्यात लोकप्रिय कोणता होता? १२३४५६. सुमारे २ लाख ९० हजार लोकांचा तोच. तेव्हापासून पासवर्ड फोडायला शिकणाऱ्या प्रत्येकाचं ते पाठ्यपुस्तक आहे.

पण खरी भानगड सोपा पासवर्ड ही नाहीच. खरी भानगड आहे एकच पासवर्ड दहा ठिकाणी. लिंक्डइनवर २०१२ मध्ये चोरी झाली, आणि २०१६ मध्ये कळलं की ११ कोटी ७० लाख खात्यांचा माल विक्रीला आहे. पासवर्ड हॅश केलेले होते, पण सॉल्ट न घालता. म्हणजे एकच पासवर्ड असलेल्या सगळ्या लोकांची हॅश एकसारखी, एक फुटली की सगळे फुटले. आपल्याकडे २०२० मध्ये बिगबास्केटच्या सुमारे २ कोटी ग्राहकांची माहिती विक्रीला आल्याच्या बातम्या आल्या. आता चोर काय करतो? तुमचा भाजीवाल्या साइटवरचा ईमेल आणि पासवर्ड घेतो आणि तीच जोडी जीमेलला लावून बघतो, फ्लिपकार्टला, आयआरसीटीसीला, डीमॅटला. हे काम माणूस करत नाही, स्क्रिप्ट करते. स्क्रिप्टला तुम्ही मोठे आहात की छोटे, तुमच्याकडे चोरण्यासारखं काही आहे की नाही, याच्याशी काही देणंघेणं नाही. ती ओळीने सगळ्या दारांची कडी वाजवत जाते. ज्याचं उघडलं त्याचं उघडलं.

आणि जीमेल उघडलं की बाकी सगळं उघडलं, कारण "पासवर्ड विसरलात?" चं पत्र तिथेच येतं. तेव्हा "माझ्याकडे काय आहे" या प्रश्नाचं उत्तर: तुमच्याकडे तुमचा इनबॉक्स आहे. बास.

गावातला पासवर्ड मॅनेजर

पुण्यातल्या मित्रांना वाटतं पासवर्ड मॅनेजर म्हणजे काहीतरी हायफाय प्रकरण, आयटीवाल्यांचं फॅड. चूक. आमच्या राहुरी, शेवगाव, पाथर्डीकडे प्रत्येक गावात एक पासवर्ड मॅनेजर आहे. त्याला टेबल आहे, प्रिंटर आहे, लॅमिनेशनचं मशीन आहे. त्याला सेतूवाला म्हणतात, नाहीतर "ऑनलाइनवाला".

पोरगी बारावी झाली, सीईटीचा फॉर्म भरायचाय, ऑनलाइनवाला. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी, ऑनलाइनवाला. पोलीस भरती, तलाठी भरती, ऑनलाइनवाला. ईमेल आयडी नाही? तोच काढून देतो. पासवर्ड? तोच ठेवतो. बऱ्याच वेळा सगळ्या गावाचा एकच नमुना, पोरीचं नाव आणि पुढे तेच ॲट १२३. वहीत नाहीतर एक्सेलमध्ये नोंद. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला गेलं की तो फाईल उघडतो आणि दोन मिनिटांत काम. पोरीला स्वतःला तो पासवर्ड माहीत नसतो. माहीत असायला पाहिजे, हेही तिला कोणी सांगितलेलं नसतं.

मी त्या माणसाला नावं ठेवत नाहीये. बहुतेक जण भले असतात, वीस-तीस रुपयांत लोकांची कामं करतात, रात्री नऊला लाईट आली की सर्व्हर चालू झाला का बघत बसतात. तो नसता तर निम्म्या गावाची शिष्यवृत्ती बुडाली असती. पण हिशेब मांडा. एका वहीत पाचशे घरांच्या किल्ल्या. वही चोरीला गेली तर? कॉम्प्युटरला व्हायरस लागला तर? त्याने दुकान बंद केलं, पुण्याला कंपनीत लागला तर? त्याच्याशी तुमच्या घराचं बांधावरून वाजलं तर? (गावात राहिलेल्यांना शेवटचा प्रश्न नीट कळेल.) ॲडमिशनचं पोर्टल, कॉलेजांचा पसंतीक्रम, शिष्यवृत्तीचं बँक खातं, सगळं त्या एका शब्दामागे.

आणि आता हसणाऱ्या पुणेकरांनो, तुमच्याकडे वळतो. तुमचे सगळे पासवर्ड क्रोममध्ये आहेत. क्रोम गूगल खात्यावर आहे. गूगल खात्याचा पासवर्ड तुम्हाला आठवत नाही, कारण तीन वर्षांत टाकलेला नाही. रिकव्हरीला दिलेला नंबर जुन्या सिमचा. म्हणजे तुम्हीही ऑनलाइनवाल्याकडे वही ठेवली आहे, फक्त तुमचा ऑनलाइनवाला कॅलिफोर्नियात बसतो आणि त्याच्या दुकानात जाऊन "भाऊ, जरा बघा ना" म्हणायची सोय नाही. गावच्या पोरीपेक्षा तुम्ही नक्की कुठल्या बाबतीत पुढे आहात?

तीन प्रश्न

इंटरनेटवर "टॉप टेन पासवर्ड मॅनेजर" शोधलंत तर पन्नास तक्ते मिळतील. डार्क वेब मॉनिटरिंग, व्हीपीएन फुकट, रंगीत आयकॉन. ते सगळं बाजूला ठेवा. घर घेताना आपण टाईल्सचा रंग शेवटी बघतो, आधी सातबारा कोणाच्या नावावर ते बघतो. तसंच इथे. तीनच प्रश्न.

पहिला: किल्ली कोणाकडे आहे? नीट बनवलेल्या मॅनेजरमध्ये तुमची तिजोरी तुमच्याच मशीनवर, तुमच्या मास्टर पासवर्डपासून बनवलेल्या किल्लीने बंद होते, आणि कंपनीच्या सर्व्हरवर जातो तो बंद डबा. कंपनीला स्वतःला तो उघडता येत नाही. म्हणूनच "मास्टर पासवर्ड विसरलात तर आम्ही काही करू शकत नाही" असं जी कंपनी तोंडावर सांगते, तिच्यावर भरवसा ठेवा. जी म्हणते "काळजी नको, आम्ही काढून देऊ", तिथून चप्पल घालून निघा.

दुसरा: उद्या दुकान बंद झालं तर माल बाहेर काढता येतो का? ही कल्पना नाही, इतिहास आहे. लास्टपास वर्षानुवर्षं फुकट होता, लाखो लोक गेले. मार्च २०२१ मध्ये कंपनीने सांगितलं, फुकटवाल्यांनी एकच प्रकार निवडा, कॉम्प्युटर नाहीतर फोन. दोन्ही पाहिजे तर पैसे भरा. फायरफॉक्सचं लॉकवाईज ॲप डिसेंबर २०२१ मध्ये बंद. मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरमध्ये पासवर्ड ठेवणाऱ्यांची ती सोय ऑगस्ट २०२५ मध्ये संपली. तेव्हा निर्यातीचं बटण आहे का, ते फुकट चालतं का, आणि त्यातून निघालेली फाईल दुसरीकडे घेता येते का, हे पहिल्या दिवशी तपासायचं. लग्नाआधी घटस्फोटाचं विचारायचं म्हणजे अवघड, पण इथे विचारा.

तिसरा: तुम्ही नसताना घरच्यांना उघडता येईल का? हा प्रश्न कुठल्याही तक्त्यात नसतो, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा आहे. त्यावर शेवटी बोलतो.

मग घ्यायचा कुठला?

लास्टपासचं आधी निपटवू. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्या डेव्हलपमेंटच्या भागात चोर शिरले. तिथे मिळालेल्या माहितीवरून त्यांनी कंपनीच्या एका सीनियर इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरला गाठलं, त्यावरच्या एका मीडिया सॉफ्टवेअरच्या भोकातून आत गेले, की-लॉगर बसवला आणि शेवटी ग्राहकांच्या तिजोऱ्यांचा बॅकअपच उचलून नेला. कंपनीने हे डिसेंबर २०२२ मध्ये कबूल केलं, तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक, साइटींचे पत्ते एन्क्रिप्ट केलेलेच नव्हते, म्हणजे डब्यात काय ते दिसत नाही पण डब्यावर "बँक" अशी चिठ्ठी. दोन, काही जुन्या खात्यांवर मास्टर पासवर्डपासून किल्ली बनवताना घ्यायच्या फेऱ्या फारच कमी ठेवलेल्या होत्या. फेऱ्या कमी म्हणजे अंदाज मारणाऱ्याला काम सोपं.

यावर आमच्याकडचे शहाणे म्हणतात, "बघा, म्हणूनच मी मॅनेजर वापरत नाही." काय राव! एका पतसंस्थेने पैसे बुडवले म्हणून तुम्ही पगार गादीखाली ठेवता का? नगर जिल्ह्याला सहकार कोणी शिकवायची गरज नाही. लोणी-प्रवरानगरच्या साखर कारखान्यापासून तो आपल्या रक्तात आहे, आणि बुडालेल्या पतसंस्थांमुळे त्याची दुसरी बाजूही आपल्याला पाठ आहे. आपण काय शिकलो? संस्थेचं नाव बघू नका, हिशेब उघडा आहे का ते बघा.

उघड्या हिशेबाला सॉफ्टवेअरमध्ये ओपन सोर्स म्हणतात. म्हणून माझं मत असं:

बहुतेकांनी बिटवॉर्डन घ्यावा. कोड उघडा आहे, बाहेरच्या लोकांकडून तपासणी होते, फुकटच्या खात्यावर कॉम्प्युटर आणि फोन दोन्ही, कितीही. निर्यात सरळ आहे. दिसायला काही मदनाचा पुतळा नाही, पण कुलूप दिसायला कशाला लागतंय.

ज्यांचा कुठल्याच कंपनीवर विश्वास नाही त्यांनी कीपास घ्यावा. २००३ पासून आहे, एका जर्मन माणसाने सुरू केला. सर्व्हर नाही, खातं नाही, एक फाईल आणि तिची किल्ली. कॉम्प्युटरवर कीपासएक्ससी, अँड्रॉइडवर कीपासडीएक्स. पण फाईल फोनवर आणि कॉम्प्युटरवर एकसारखी ठेवणं तुमचं काम, बॅकअपही तुमचंच काम. रविवारी गाडी धुणाऱ्या, पियूसीची तारीख लक्षात ठेवणाऱ्या माणसासाठी हे उत्तम. बाकीच्यांनी प्रामाणिकपणे आरशात बघावं.

वनपासवर्डसुद्धा चांगला आहे, मास्टर पासवर्डबरोबर वेगळी सिक्रेट की लागते ही कल्पना झकास, पण त्याला पैसे पडतात आणि कोड बंद. घरात सगळे ॲपलवाले असतील तर २०२४ पासून आलेलं त्यांचं पासवर्ड्स ॲप बरं आहे. एकाने जरी अँड्रॉइड घेतला की रडारड सुरू.

आणि क्रोम? क्रोमचा मॅनेजर "काहीच नाही" पेक्षा हजारपट चांगला. पण एक लक्षात घ्या. पायरेटेड सॉफ्टवेअर आणि गेमच्या क्रॅकबरोबर जे चोर-प्रोग्राम येतात, ते सगळ्यात आधी ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डच उचलतात. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये लुमा नावाच्या अशा एका टोळीवर कारवाई केली, तेव्हा दोन महिन्यांत ३ लाख ९४ हजारांवर विंडोज मशीन बाधित सापडली होती. वेगळा मॅनेजर असेल आणि तो कुलूपबंद असेल तर चोराचं काम निदान अवघड होतं. (चावी लावून ठेवलेलं कुलूप हे कुलूप नसतं. पाच-दहा मिनिटांत आपोआप बंद होईल असं सेटिंग करा. फोनवर बोट लावून उघडतं, त्रास नाही.)

न दिसणारं कुलूप

मॅनेजरचा सगळ्यात मोठा फायदा लोकांना माहीतच नसतो. तो पासवर्ड लक्षात ठेवतो हे ठीक. पण तो पत्ता बघून पासवर्ड भरतो, हे जास्त महत्त्वाचं. बँकेच्या साइटसारखी हुबेहूब खोटी साइट असली, तोच लोगो, तोच निळा रंग, तर आपण फसतो. मॅनेजर फसत नाही, कारण तो रंग बघत नाही, डोमेन अक्षर-अक्षर जुळवतो. जुळलं नाही तर गप्प बसतो. तो गप्प बसला की आपणही हात आवरायचे. "आज का भरत नाहीये?" हा प्रश्न पडणं म्हणजेच धोक्याची घंटा.

याचंच एक ताजं उदाहरण. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइटी "डॉट बँक डॉट इन" वर न्यायला सांगितलं. उद्देश चांगला, हे डोमेन ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही. पण पत्ता बदलला की मॅनेजर जुना पासवर्ड नव्या पत्त्यावर आपणहून भरणार नाही. तो बिघडलेला नाही, तो त्याचं काम करतोय. बँकेचा नवा पत्ता पासबुकावरून किंवा शाखेतून खात्री करून घ्या आणि मॅनेजरमध्ये एकदा बदला. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून नाही!

आणि इथे बँकांशीही थोडं भांडतो. मी वापरतो त्या एका बँकेच्या साइटवर पासवर्डच्या चौकटीत पेस्टच करता येत नाही. माऊसने टिचक्या मारायचा कीबोर्ड येतो, आणि वर जास्तीत जास्त इतकीच अक्षरं चालतील अशी अट. म्हणजे वीस अक्षरी आगापिछा नसलेला पासवर्ड बनवणाऱ्याला शिक्षा, आणि गणेश ॲट १२३ वाल्याचं स्वागत. ब्रिटनच्या सरकारी सायबर संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं, पेस्ट करू द्या. अमेरिकेच्या निस्टनेही २०१७ मध्ये सांगितलं, दर ९० दिवसांनी उगाच पासवर्ड बदलायला लावू नका, लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात. ज्या बिल बर यांनी २००३ मध्ये निस्टसाठी ते जुने नियम लिहिले होते, त्यांनीच २०१७ मध्ये त्याबद्दल खेद व्यक्त केला. ज्याने नियम लिहिला त्याने मागे घेतला, आणि आपल्या कंपन्यांच्या आयटी विभागात तो अजून भिंतीवर फ्रेम करून लावलेला आहे.

एकच पाठ करा

मास्टर पासवर्ड हा एकच डोक्यात ठेवायचा. तो कसा बनवायचा? डोक्याने नाही, फाशाने. डाइसवेअर नावाची शब्दांची यादी मिळते, ७,७७६ शब्द. लुडोचा फासा पाच वेळा टाकला की एक शब्द. असे पाच शब्द घ्या. शक्यता किती? २८ वर १८ शून्यं. आणि लक्षात ठेवायला काय, "भाकरी टेम्पो चिमटा पावसाळा बोहारीण" अशा धाटणीची पाच शब्दांची वेडगळ गोष्ट. (हाच नका घेऊ, आता तो छापून आलाय.) आवडत्या गाण्याची ओळ, अभंग, शिवाजी महाराजांचा शक, हे काही नको. तुम्हाला जे आवडतं ते अजून लाखो लोकांना आवडतं.

दुसरी गोष्ट, ईमेल आणि मॅनेजर दोन्हीला टू-फॅक्टर लावा, आणि त्याचे बॅकअप कोड त्याच मॅनेजरमध्ये ठेवू नका. दोन्ही किल्ल्या एका खुंटीला अडकवायच्या नसतात. कोड कागदावर लिहा.

पासकी आल्या, मग पासवर्ड जाणारच, आता कशाला ही मेहनत? जातील तेव्हा जातील. आणि पासकी राहतात कुठे? याच मॅनेजरमध्ये. वर त्या एका मॅनेजरमधून दुसऱ्यात हलवणं अजून सगळीकडे सोपं नाही. म्हणजे नीट निवडायची गरज उलट वाढली.

आणि मर्यादाही सांगून टाकतो, नाहीतर उद्या म्हणाल याने फसवलं. कुणी पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल करून "डिजिटल अरेस्ट" म्हणालं आणि तुम्ही स्वतःच पैसे पाठवले, तर मॅनेजर काही करणार नाही. ओटीपी फोनवर वाचून दाखवला, लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाईल टाकली, तरीही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले ते बँकेच्या यंत्रणेत शिरून. तिथे ग्राहकाचा पासवर्ड कितीही जबरी असता तरी फरक पडला नसता. जे आपल्या हातात आहे तेवढं तरी करा, एवढंच म्हणणं. काही घडलंच तर लगेच १९३०.

तिसरा प्रश्न

आता तो राहिलेला प्रश्न. तुम्ही नसलात तर?

अभद्र वाटतं, पण आमच्या पिढीने हे करून ठेवलंय. वडिलांच्या पिढीत माणूस गेला तर मागे पासबुक सापडायचं, एलआयसीची पावती सापडायची, पतसंस्थेच्या ठेवीचं सर्टिफिकेट कपाटातल्या साडीच्या घडीत सापडायचं. आपलं काय सापडणार? एक बंद फोन. त्यात म्युच्युअल फंड, डीमॅट, पीएफ, गृहकर्जाचा विमा, पोरांचे फोटो. ईमेलवर येणारी स्टेटमेंट. घरच्यांना कशाकशात पैसे आहेत हेही माहीत नाही. बँकांत १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार वारस नेमता येतात. पण कुठल्या बँकेत खातं आहे हेच माहीत नसलं तर चार काय, चाळीस वारस काय करणार?

मॅनेजर इथे तिजोरीपेक्षा यादी म्हणून कामाला येतो. कुठे काय आहे याची एक जागा. मास्टर पासवर्ड आणि ते बॅकअप कोड एका कागदावर लिहा, पाकिटात घाला, चिकटवा, आणि घराचं खरेदीखत जिथे ठेवता तिथे ठेवा. बायकोला, बहिणीला, भावाला, ज्याच्यावर भरवसा आहे त्याला सांगा की पाकीट तिथे आहे. बिटवॉर्डनमध्ये पैसे भरून ठरावीक दिवसांनी दुसऱ्याला प्रवेश मिळेल अशी सोयही करता येते. गूगलमध्ये खातं बराच काळ निष्क्रिय राहिलं तर कोणाला कळवायचं हे सांगून ठेवता येतं.

आणि आईला मॅनेजर जमत नसेल तर? वही द्या. खरंच. प्रत्येक साइटचा वेगळा पासवर्ड लिहिलेली वही, कपाटात. रशियातला चोर राहुरीतलं कपाट उघडायला येत नाही. "पासवर्ड कागदावर लिहू नका" हा सल्ला ऑफिसच्या मॉनिटरवर चिठ्ठ्या चिकटवणाऱ्यांसाठी होता, आईसाठी नव्हता. फक्त वही तिची असू द्या, ऑनलाइनवाल्याची नको.

त्यामुळे पुढच्या वेळी गावी गेलात की एक काम करा. पुतणी, भाची, शेजारची पोरगी, जी कुणी यंदा फॉर्म भरणार असेल, तिला घेऊन बसा. तिचा स्वतःचा ईमेल, तिच्या नाहीतर आईच्या नंबरवर. तिचा स्वतःचा पासवर्ड, तिने बनवलेला, तिच्या वहीत नाहीतर फोनमध्ये. आणि महाडीबीटीचा ऑनलाइनवाल्याने ठेवलेला पासवर्ड तिच्याच हाताने बदलून घ्या. ऑनलाइनवाल्याला सांगून करा, चोरून नको. तो म्हणेल, "बरं झालं, माझी कटकट गेली." अर्धा तास लागतो. तुमच्या फॉरवर्ड केलेल्या "सायबर जागरूकता" मेसेजांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

आणि तुमचं स्वतःचं? आज शनिवार आहे. मॅनेजर टाका, आधी ईमेल, मग बँक, मग डीमॅट, एवढे तीन बदला. बाकीचे जसजसे लागतील तसतसे. तुलनेचे तक्ते सोमवारी ऑफिसात वाचा, तिथे त्याचे पैसे मिळतात.